जाणाऱ्या पाखरांची तारीख

वसंत ऋतू आला की दूरदेशी गेलेली पाखरे घरी परततात, असे इंग्रजी धड्यांतून आपण वाचत आलो. युरोपात ते खरेही आहे. आफ्रिकेत हिवाळा काढलेली माळभिंगरी एप्रिलमध्ये इंग्लंडच्या गोठ्यांत परत येते आणि तिकडच्या शेतकऱ्याला वसंताची खूण पटते. आपल्याकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, गोष्ट बरीचशी उलटी घडते. इथला वसंत हा पाहुण्या पाखरांच्या पाठवणीचा ऋतू. फेब्रुवारी सरता सरता त्यांची आवराआवर सुरू होते, शिमग्यानंतर ती वेग घेते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बहुतेक पाहुणे निघून गेलेले असतात.

या पाठवणीला इतिहास आहे. पण इतिहास म्हटला की सनावळी लागते आणि सनावळी तिथेच मिळते जिथे कुणीतरी तारीख टिपून ठेवलेली असते. आलेल्या पाहुण्याची तारीख लोक हौसेने टिपतात. गेलेल्याची सहसा कुणी टिपत नाही. आजचा विषय हाच आहे. पाखरांच्या जाण्याकडे आपण कसे पाहत आलो, त्यात काय निसटले आणि ते अजून कसे भरून काढता येईल, याचा हा थोडक्यात आढावा.

आधी हे पाहुणे कोण ते पाहू. हिवाळ्यात उल्हास नदीच्या काठाने चालत गेले की दगडांवर शेपटी वरखाली आपटत धावणारा धोबी दिसतो. घाटावर धुणे आपटणाऱ्या परटाची आठवण व्हावी अशी ती शेपटी, म्हणून हे नाव. पांढरा धोबी, करडा धोबी, पिवळा धोबी या त्याच्या जाती. जवळच पाण्याच्या कडेने, मागचा भाग सारखा लचकवत तुतवार चालत असतो. वाडीच्या कुंपणावर, गवताच्या गंजीवर शेपूट थरथरवत बसणारा तो थिरथिरा. विजेच्या तारांवर ओळीने माळभिंगऱ्या बसतात. आणि नावातच पळस असलेल्या पळसदरीच्या परिसरात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की त्यांवर तुटून पडतात त्या भोरड्या, म्हणजेच पळसमैना.

यांतला कुणी हिमालयातून आलेला असतो, कुणी तिबेटातून, कुणी मध्य आशिया किंवा सैबेरियातून. भोरडीचे घरटे पूर्व युरोपापासून कझाकस्तानपर्यंतच्या गवताळ मैदानांत असते. तिकडे टोळ आणि नाकतोडे माजतात त्या मे-जूनच्या दिवसांत ती पिल्ले वाढवते आणि जुलै-ऑगस्टपासून पुन्हा भारतात दिसू लागते. एप्रिलपर्यंत ती इथेच असते. म्हणजे वर्षातला मोठा काळ ती आपल्याकडे राहते, आणि तरीही आपण तिला ‘परदेशी’ म्हणतो! देशावरच्या ज्वारीच्या कणसांवर ती थव्याने उतरते म्हणून पूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिला ‘ज्वारी बर्ड’ असेच नाव दिले होते.

निघण्यापूर्वी या पाखरांचा साज बदलतो. थंडीत मळकट दिसणारी भोरडी मार्चमध्ये गुलाबी आणि काळीभोर दिसू लागते. पांढऱ्या धोब्याच्या गळ्याखाली काळा पट्टा गडद होत जातो. पिवळा धोबी हळदीने माखल्यासारखा दिसतो. अंगावर चरबीही चढते, कारण पुढच्या हजारो किलोमीटरचे इंधन तेच असते. कोणता पाहुणा निघायच्या तयारीत आहे हे त्याच्या कपड्यांवरून ओळखता येते, असे म्हणायला हरकत नाही.

पण निघायची वेळ झाली हे पाखराला कळते कसे? कॅनडातील एडमंटन येथे प्राध्यापक असलेल्या विल्यम रोवन यांनी १९२४-२५ च्या हिवाळ्यात याचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्यांनी जुन्को नावाच्या लहान पाखरांना उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि रोज संध्याकाळी विजेचे दिवे लावून त्यांचा ‘दिवस’ थोडा थोडा वाढवत नेला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्या पाखरांच्या शरीरात वसंतातले बदल सुरू झाले. म्हणजे पाखरू थंडी-उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीवर जास्त विश्वास ठेवते. आपल्या कर्जतच्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. फरक सव्वादोन तासांचाच. पण तेवढ्यावर धोब्याचे पंचांग चालते. वाटेत अन्न किती मिळेल, वारा कसा असेल, बर्फ कधी वितळेल हे मात्र हवामानावर ठरते. दिवसाचे गणित स्थिर आणि हवामान बदलते, अशी ओढाताण सुरू झाली की पाखराचे वेळापत्रक कोलमडण्याचा धोका असतो. म्हणून तर तारखांना आज एवढे महत्त्व आले आहे.

आता नोंदींच्या इतिहासाकडे वळू. पश्चिम भारतातील पक्ष्यांची पहिली मोठी यादी लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स यांची. मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर असताना त्यांनी दख्खनचे पक्षी अभ्यासले आणि १८३२ साली यादी प्रसिद्ध केली. ही यादी घाटमाथ्यावरच्या मुलखाची. त्यानंतर १८८० मध्ये जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील, म्हणजे रत्नागिरीकडच्या पक्ष्यांची सविस्तर यादी केली. ई. एच. एटकेन यांचे ‘मुंबईचे सामान्य पक्षी’ हे इंग्रजी पुस्तक १९०० चे. सलीम अली आणि हुमायून अब्दुलाली यांनी १९३६ पासून ‘मुंबई आणि साष्टीचे पक्षी’ ही लेखमाला लिहिली. नकाशावर या चार याद्या मांडून पाहा. एक घाटावर थांबते, दुसरी दक्षिणेत राहते, उरलेल्या दोन खाडीपाशी संपतात. मधोमध उरतो तो घाटाच्या पायथ्याचा पट्टा, म्हणजे आपले कर्जत आणि खालापूर. पुढे अब्दुलालींनी सबंध महाराष्ट्राची यादी केली आणि तीत हा भागही आला. पण एका गावच्या, एका नदीकाठच्या तारखा सांगणे हे राज्यव्यापी यादीचे काम नसते.

तसे पाहता इथे पोहोचणे मुळीच अवघड नव्हते. रेल्वे १८५६ मध्येच पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली होती. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ पासून धावू लागली. म्हणजे मुंबईच्या निसर्गप्रेमी साहेबाला सकाळी निघून दुपारपर्यंत इथे येता येत होते. पण आगगाडीतून जाणाऱ्याला कर्जत हे इंजिन जोडण्याचे ठिकाण होते. थंड हवेसाठी माथेरानला येणाऱ्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास आणि पुन्हा एप्रिल-मे महिन्यांत असे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाठवणी ऐन रंगात असताना, तिकडे फिरकायचे फारसे कारण नव्हते.

याच काळात मुंबईत एक महत्त्वाची संस्था उभी राहिली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. जमवलेले नमुने आणि नोंदी एकमेकांना दाखवाव्यात, त्यांवर बोलावे, हा सुरुवातीचा साधा हेतू. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि विखुरलेल्या नोंदींना कायमचे घर मिळाले.

हे घर किती गरजेचे होते ते अॅलन ह्यूम यांच्या बाबतीत दिसले. काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेले हेच ते ह्यूम. भारतीय पक्ष्यांचा त्यांच्याएवढा अभ्यास त्या काळी कुणाचा नव्हता. सुमारे २५ वर्षांच्या टिपणांची त्यांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरात ठेवलेली होती. ते बाहेरगावी असताना नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली! त्यानंतर १८८५ मध्ये ह्यूम यांनी आपला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पक्षी वाचले, म्हणजे त्यांची कातडी वाचली. पण तारखांचे कागद पुड्या बांधायला गेले.

पाखरे जातात कुठे, या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र वेगळी युक्ती लागली. डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये मैनेच्या कुळातील पाखरांच्या पायांत अॅल्युमिनियमची कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि गावाचे नाव कोरलेले. पाखरू दुसरीकडे सापडले की पत्र यायचे. आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला एक आजार कारण झाला. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात क्यासनूर जंगलातील माकडे आणि माणसे एका तापाने दगावू लागली. त्या विषाणूचे साम्य रशियातील एका आजाराशी दिसले. स्थलांतरित पाखरांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो आला असेल काय, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसा पुरवला आणि सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली पाखरांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. कड्यांवर ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा’ असे इंग्रजीत कोरलेले असे. भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत संघात सापडू लागली आणि भारतातला तलाव व सैबेरियातली दलदल एका धाग्याने बांधली गेली.

आता ते काम उपग्रह करतात. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसणारा अमूर ससाणा हा चिमुकला शिकारी पक्षी नागालँड-मणिपूरहून येतो आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो, हे त्याच्या पाठीवरच्या यंत्रांनी दाखवून दिले. पण यंत्र निवडक पाखरांच्याच पाठीवर बसते. उल्हासच्या दगडावरचा धोबी कधी गेला हे सांगायला आजही माणसाचे डोळेच लागतात.

या पट्ट्याची स्वतःची अशी एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पाखरांचा इतिहास पुरा होत नाही. ती गोष्ट पाण्याची. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात धो धो वाहतात आणि होळीपर्यंत त्यांचे डोह उरतात. उल्हास आणि पाताळगंगा यांची मूळ प्रकृती हीच. पण मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरोता या तलावांत पाणी अडवले गेले आणि १९१५ मध्ये ते पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खोपोलीच्या वीजघरात सोडण्यात आले. १९२२ मध्ये मावळातील ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी भिवपुरीला उतरले. १९२७ मध्ये मुळशीचे पाणी भिऱ्याला आले आणि त्यामागे सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचा व बुडालेल्या गावांचा इतिहास आहे, हेही विसरता येणार नाही.

घाटमाथ्यावर पडून भीमेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचे ते पाणी अशा रीतीने पश्चिमेकडे वळले. वीज करून झाली की खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते आणि भिवपुरीचे उल्हासकडे. भर उन्हाळ्यातही या नद्या वाहत राहतात त्या यामुळे. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालवा निघाला आणि कर्जतमध्ये उन्हाळी भात होऊ लागले. मार्च महिन्यात डोंगर पिवळे पडलेले असताना खाली खाचरांत हिरवे भात डोलते, चिखलात किडे असतात, बांधावर धोबी असतो. कोरड्या नदीवर प्रवासापूर्वीची चरबी चढवायला काय मिळाले असते, याचा विचार केला म्हणजे या पाण्याचे मोल कळते. गिरण्यांसाठी केलेली सोय पाखरांच्याही पथ्यावर पडली.

पण किती पडली? पाणी यायच्या आधी मार्चमध्ये उल्हासवर किती धोबी असत आणि ते केव्हा निघत, हे ताडून पाहता येईल अशी फूटपट्टी त्या जुन्या याद्या देत नाहीत, कारण त्यांच्या हद्दी या पट्ट्याबाहेर थांबल्या. हा निव्वळ जुन्या कागदांचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. तसा तो नाही. घाटमाथ्यावरचे पाणी पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांना द्यावे, अशी मागणी होत आलेली आहे आणि तिच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. दुसरीकडे कर्जतच्या खाचरांच्या जागी फार्महाऊसे आणि इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यापासून खालापूर शहरांच्या आणखी जवळ आले. उद्या पाणी वळले, भाताची खाचरे बुजली, तर पाहुणे आठ दिवस आधी निघाले की आलेच नाहीत, हे सांगणार कोण? आज वही नसेल तर आपल्या नातवंडांपुढेही हाच प्रश्न उरेल.

एव्हाना कुणी म्हणेल की पक्षी मोजणाऱ्यांची आता कमतरता नाही. ते खरे आहे. २०२३ मध्ये निघालेल्या भारतीय पक्ष्यांच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. पण आपल्या सार्वजनिक मोजणीचे वेळापत्रक जरा पाहा. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांना जोडणारा तो आठवडा आहे आणि तो पाहुणे आल्यानंतरचा आहे. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत होते, तेव्हा पाहुणे स्थिरावलेले असतात. अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक मोजणी फेब्रुवारीत असते, तेव्हा ते अजून इथेच असतात. मे महिन्यात जागतिक स्थलांतरित पक्षी दिन येतो, तोवर आपल्या नदीकाठचे पाहुणे बहुतेक निघून गेलेले असतात. मार्च आणि एप्रिल, म्हणजे प्रत्यक्ष निरोपाचे महिने, मधल्या मध्ये रिकामे राहतात. परीक्षा, लग्नसराई आणि ऊन हीही कारणे आहेतच.

शिवाय निरोपाची नोंद स्वभावतःच कठीण असते. येणे ही घटना असते. सप्टेंबरातल्या एका सकाळी धोबी दिसतो आणि आपण लिहून ठेवतो. जाणे मात्र दिसत नाही. लहान पाखरांपैकी पुष्कळशी रात्रीच निघतात. काल होते, आज नाही, उद्या कदाचित दुसरेच एखादे दक्षिणेकडून येऊन तिथे दोन दिवस टेकेल. त्यातच परतीचा प्रवास जाण्यापेक्षा घाईचा असतो, कारण घरट्याची जागा धरायची असते. म्हणून शेवटची तारीख हवी असेल तर रोज पाहावे लागते आणि ‘आज दिसला नाही’ हेही लिहावे लागते. रोज एकाच जागी पाहण्याचे फळ काय असते हे याच रायगड जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. १९३० मध्ये सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्याच्या वसाहतीपुढे महिनोन् महिने बसून तिच्या संसाराची रीत उलगडली. नर घरटी विणतो, मादी पसंत करते, एकाच नराच्या घरट्यांत वेगवेगळ्या माद्या नांदतात, हे त्यांनी पाहिले. त्यांच्यापाशी दुर्बीण, वही आणि चिकाटी यांपलीकडे फारसे काही नव्हते.

चिकाटीचे आणखी एक उदाहरण इंग्लंडचे आहे. नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. पहिले फूल, पहिले पान, पहिली माळभिंगरी. त्याच्यामागे मुलाने, नातवाने, पणतवाने ती वही चालवली, ती थेट १९५८ पर्यंत. मार्शमला हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. आज त्याच्या घराण्याच्या तारखा त्याच अभ्यासाला उपयोगी पडल्या आहेत.

कर्जत-खालापुरात अशी वही चालवणे कठीण नाही. नदीकाठचा एखादा बांध किंवा शाळेमागचा ओढा एवढी जागा पुरे. पाच पाखरे निवडावीत: धोबी, थिरथिरा, तुतवार, माळभिंगरी आणि भोरडी. १५ फेब्रुवारी ते १५ मे या काळात रोज सकाळी दहा मिनिटे पाहावे आणि दिसले की नाही एवढेच कॅलेंडरच्या चौकटीत लिहावे. आपल्या घरी दुधाचा हिशेब असाच तर लिहितात. ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या वडीलधाऱ्यांना रानाचे पंचांग तोंडपाठ असते. त्यांच्या नातवंडांनी ते विचारून याच चौकटींत उतरवले तर शाळेच्या भिंतीवर दोन ज्ञाने शेजारी नांदतील. वर्षाअखेरीस कॅलेंडर तेवढे रद्दीत घालू नये.

मे उलटला की नवरंग आणि तिबोटी खंड्या पावसाची चाहूल घेऊन इथे घरटी करायला येतील, पावशा ओरडू लागेल, आणि सगळ्यांचे लक्ष येणाऱ्यांकडे जाईल. त्याआधी, कोणता धोबी कोणत्या तारखेला शेवटचा दिसला, ते कुठेतरी लिहिलेले असावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)